लांब झूमचा कॅमेरा घेताना: खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे आणि हातात घेऊन काय तपासायचं

सकाळी सातला कुंभारगावहून आमची नाव सुटली तेव्हा उजनीच्या पाण्यावर अजून धुकं होतं. पुढच्या फळीवर आमच्या सोसायटीतले काका बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, गळ्यात चार दिवसांपूर्वी घेतलेला ८३ एक्स झूमचा कोरा कॅमेरा. पाण्यात रोवलेल्या एका बांबूवर खंड्या बसला होता. नावाड्याने वल्हं थांबवलं आणि नाव सरकत सरकत त्याच्यापासून चारेक मीटरवर येऊन थबकली. काकांनी झूमचा खटका टोकापर्यंत ओढला. डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमध्ये निळा-तपकिरी धूसर गोळा. बटण अर्धं दाबलं, चौकोन लाल. आत भिंग घरघरत पुढेमागे झालं, पुन्हा लाल.

"अहो, बिघडलेला पीस दिला की काय दुकानदाराने?"

"काका, झूम बराच मागे घ्या आणि पुन्हा दाबा."

त्यांनी घेतला. चौकोन हिरवा झाला. चोचीच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंबसुद्धा त्या फोटोत आला आहे.

कॅमेरा धडधाकट होता. निकॉनचा ८३ एक्सवाला पी९५० पूर्ण झूमवर ५ मीटरच्या आतलं काही फोकस करत नाही, १२५ एक्सवाला पी१००० तर ७ मीटरच्या आतलं नाही. माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, पण खोक्यावर मोठ्या अक्षरात फक्त ८३ एक्स किंवा १२५ एक्स छापतात. नव्याने पक्षी, चंद्र, गडकोट टिपायला निघालेले बरेच जण तो एकच आकडा बघून कॅमेरा घेतात. झूमच्या शेवटच्या टोकाला, तुमच्या उजेडात, तुमच्या हातात फोटोत काय उरतं ते पाहून कॅमेरा निवडावा, असं मी गेली कित्येक वर्षं बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ते कसं पाहायचं त्यासाठी हा लेख.

आपण बोलतोय ते ब्रिज कॅमेऱ्यांबद्दल, ज्यांना सुपरझूमही म्हणतात. दिसायला डीएसएलआरसारखे, पण लेन्स अंगालाच जोडलेली, बदलता न येणारी. सिग्माची १५०-६०० मिमीची हलकी मानली जाणारी लेन्स एकटीच १९३० ग्रॅम भरते, कॅमेरा वेगळा. पी९५० सगळा मिळून साधारण १ किलो, कॅननचा एसएक्स७० एचएस तर ६०० ग्रॅमच्या आसपास. पाठीवर पाण्याची बाटली, डबा आणि दुर्बीण घेऊन चालणाऱ्याला हा फरक फार मोठा असतो, आणि म्हणूनच या कॅमेऱ्यांकडे कमीपणाने पाहू नये.

आधी अंतराचा हिशोब

दुकानात जायच्या आधी एका कागदावर लिहून काढा: मला कशाचे फोटो काढायचे आहेत आणि ते माझ्यापासून किती लांब असतं? मग हा छोटा हिशोब करा. समोरच्या दृश्याचा किती रुंद तुकडा फोटोत येईल ते काढायला अंतराला ३६ ने गुणायचं आणि फोकल लांबीने (लेन्स किती लांबचं ओढते तो मिलिमीटरमधला आकडा) भागायचं. इथे फोकल लांबी घ्यायची ती ३५ मिमी फिल्मच्या हिशोबातली, म्हणजे जाहिरातीत देतात ती २४-२००० वगैरे. उत्तर अगदी काटेकोर नसतं, पण कामाला पुरतं.

बुलबुल वीतभर असतो, २० सेंटिमीटर धरू. तो २० मीटरवर बसलाय. ६०० मिमीला फोटोत १.२ मीटर रुंदीचं दृश्य येतं, म्हणजे बुलबुल एक षष्ठांश. १२०० ला ६० सेंटिमीटर, म्हणजे एक तृतीयांश. हा छान फोटो. २००० ला ३६ सेंटिमीटर, बुलबुलाने निम्मी चौकट व्यापली.

आता भिगवणचा रोहित (फ्लेमिंगो) घ्या. उभा राहिला की सव्वा मीटरच्या आसपास. तो ५० मीटरवर असेल तर ६०० मिमीला ३ मीटर रुंद आणि जवळपास २ मीटर उंच दृश्य येतं. एकटा रोहित त्यात मोकळा मावतो, पाण्यातलं प्रतिबिंब थोडं दिसतं. १२०० ला मात्र त्याचे पाय किंवा डोकं कापलं जातं. म्हणजे रोहितांसाठी २००० मिमीचा कॅमेरा घेणं म्हणजे गरज नसताना ओझं वाहणं. घराच्या गॅलरीतून समोरच्या पिंपळावरचा तांबट टिपायचा असेल तर गोष्ट वेगळी.

हा कागद खिशात ठेवा. दुकानदार काहीही दाखवू लागला तरी आपलं लक्ष या कागदावर राहतं.

एक्स आणि मिलिमीटर

एक्स म्हणजे लेन्सचं लांबचं टोक भागिले जवळचं टोक, बस. सोनीचा एचएक्स४००व्ही ५० एक्स आहे, पॅनासॉनिकचा एफझेड८२ ६० एक्स. कुणालाही वाटेल की दुसरा जास्त लांबचं ओढतो. पहिला २४ ते १२००, दुसरा २० ते १२००. लांबचं टोक दोघांचं सारखंच. एफझेड८२ ची जास्तीची किमया जवळच्या टोकाला आहे, तिथे तो अधिक रुंद बघतो. देवळाच्या सभामंडपात किंवा गडाच्या दरवाज्यासमोर मागे सरायला जागा नसते तेव्हा त्याचा उपयोग. पक्ष्यासाठी काडीचाही नाही.

डिजिटल झूम मेनूत जाऊन बंदच करा. निकॉनच्या ८३ एक्स कॅमेऱ्यांत तो 'डायनॅमिक फाइन झूम' या नावाने येतो आणि पडद्यावर १६६ एक्स दाखवतो. त्यात भिंग काही करत नाही, मधला तुकडा कापून मोठा केलेला असतो. तेच काम घरी संगणकावर जास्त नीट करता येतं.

लेन्सच्या कडेवरची बारीक अक्षरं

कॅमेरा समोरून धरला की लेन्सभोवती बारीक अक्षरांत काही आकडे छापलेले दिसतात. पी९५० आणि त्याच्या आधीच्या पी९०० वर ४.३-३५७ मिमी आणि १:२.८-६.५. ही खरी फोकल लांबी. २००० हा आकडा सेन्सर (उजेड टिपणारी आतली चौकोनी चिप) लहान असल्यामुळे येणारा तुलनेचा आकडा आहे. पूर्ण झूमवर भिंग खरोखर ३५७ मिमीचं आहे आणि त्याचं छिद्र, म्हणजे उजेड आत यायची वाट, एफ/६.५; हा एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान.

३५७ ला ६.५ ने भागा. ५५ येतात. पूर्ण झूमवर उजेड आत यायला जो दरवाजा आहे तो ५५ मिलिमीटर रुंद. लांबच्या पक्ष्यापासून निघालेला उजेड किती गोळा होणार, आणि त्याच्या पिसांचा किती बारीक तपशील भिंगाला वेगळा करता येणार, हे मुख्यतः या दरवाज्यावर ठरतं. हा एक भागाकार शिकलात तर दहा जाहिराती वाचायची गरज उरत नाही.

बाकीच्यांचे दरवाजे काढून बघू. पी१००० चे ५३९ भागिले ८, म्हणजे ६७ मिमी. कॅनन एसएक्स७० चे २४७ भागिले ६.५, म्हणजे ३८. पॅनासॉनिक एफझेड८२ चे २१५ भागिले ५.९, म्हणजे ३६. सोनी आरएक्स१० मार्क ४ हा १ इंची सेन्सरचा, झूम फक्त २५ एक्स, ६०० मिमीपर्यंत. त्याचे २२० भागिले ४, म्हणजे पुन्हा ५५!

८३ एक्सवाला पी९५० आणि २५ एक्सवाला आरएक्स१०, दोघांचे दरवाजे सारखेच. लांबच्या त्याच पक्ष्याकडून दोघेही सारखाच उजेड घेतात. फरक पुढे पडतो. निकॉन तो उजेड भरपूर पिक्सेलांवर पसरवतो, म्हणून बसलेल्या पक्ष्याचा आणि चंद्राचा तपशील त्यात जास्त येतो. सोनीचा फोटो कापून २००० मिमीइतका केला तर २ कोटी पिक्सेलांतले २० लाखही उरत नाहीत. उलट ६०० मिमीच्या आतल्या सगळ्या कामात सोनी उघड पुढे जातो, कारण त्याचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमीचा आणि निकॉनचा जेमतेम ६.२ बाय ४.६ मिमीचा. क्षेत्रफळात चौपट फरक. (१ इंची म्हणतात त्या सेन्सरची कुठलीही बाजू इंचभर नसते. टीव्ही कॅमेऱ्यांच्या जुन्या नळ्यांच्या मापांवरून ते नाव राहून गेलं आहे.)

एसएक्स७० सारखे हलके कॅमेरे हलके का आहेत तेही या भागाकारातून कळतं. ५५ च्या दरवाज्यातून ३८ च्या दरवाज्याच्या दुपटीहून अधिक उजेड येतो. कमी वजनाची किंमत संध्याकाळी मोजावी लागते.

दुकानात अर्धा तास

स्वतःचं एसडी कार्ड घेऊन जा. बॅटरी चार्ज केलेली हवी म्हणून आदल्या दिवशी दुकानात फोन करून ठेवा. काचेच्या कपाटासमोर, ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो काही सांगत नाही. दुकानदाराला विनंती करून दाराशी उभे राहा आणि रस्त्यापलीकडे बघा: पाटीवरचा फोन नंबर, डिश अँटेनाचा नट, तारेवर बसलेलं कबूतर.

डाव्या तळव्यावर लेन्स तोलून धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, डोळा व्ह्यूफाइंडरला. पूर्ण झूमवर मागचा पडदा बघत हात लांब करून फोटो काढणं जमत नाही, कुणालाच नाही. त्यामुळे व्ह्यूफाइंडरला मी फार महत्त्व देतो. पी९०० मध्ये तो ९ लाख २१ हजार ठिपक्यांचा होता, २०२० मध्ये आलेल्या पी९५० मध्ये सुमारे २३ लाख ६० हजारांचा झाला. आकड्यावर जाऊ नका, दोन्हींतून बघा; झाडीत बसलेला पक्षी एकात दिसतो आणि दुसऱ्यात शोधावा लागतो. चष्मा असेल तर चष्म्यासकट चारही कोपरे दिसतात का, डायॉप्टरची (डोळ्याच्या नंबराशी जुळवायची) चकती फिरवून अक्षरं स्पष्ट होतात का, ते तिथेच पाहा.

मग पूर्ण झूम करून तारेवरचं कबूतर गाठायचा प्रयत्न करा. २००० मिमीला आडवा कोन जेमतेम १ अंशाचा असतो. सुईच्या नेढ्यातून बघितल्यासारखं होतं. निकॉनच्या या मोठ्या कॅमेऱ्यांवर आणि एसएक्स७० वर लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरलं की झूम आपोआप मागे येतो, हरवलेला पक्षी पुन्हा चौकटीत घ्यायचा, बटण सोडायचं की झूम होता तिथे परत जातो. ज्या कॅमेऱ्यात असं बटण नाही त्यात नवख्या माणसाचा निम्मा वेळ आभाळात पक्षी शोधण्यात जातो. हे बटण आपल्या बोटाला न बघता सापडतं का?

शेवटी ओळीने फोटो काढून बघा. पी१००० सेकंदाला ७ च्या वेगाने एका दमात ७ च फोटो घेतो. म्हणजे एक सेकंद, मग कार्डावर लिहून होईपर्यंत थांबणं. आरएक्स१० मार्क ४ सेकंदाला २४ च्या वेगाने २४९ पर्यंत घेतो. खंड्या सूर मारतो तेव्हा हा फरक सगळं ठरवून टाकतो.

घरी, गच्चीवर

खरी परीक्षा घरी. माल बदलून द्यायची मुदत किती दिवसांची आहे ते पावतीवर लिहून घ्या आणि पुढच्या चाचण्या त्या मुदतीत संपवा. पुढे लेन्सला दुकानदाराने बसवून दिलेला यूव्ही फिल्टर असेल तर तो आधी काढून ठेवा. स्वस्त काच लांबच्या टोकाला फोटो मऊ, म्हणजे धूसर करते आणि दोष लेन्सवर येतो.

पहिली चाचणी भिंतीवरच्या तिथीवाल्या कॅलेंडरची. त्यावर मोठे आकडे असतात, त्याखाली नक्षत्राची, चंद्रोदयाची बारीक अक्षरं, आणि कागद सपाट असतो. चाचणीसाठी याहून चांगली वस्तू शोधू नका. समोरच्या भिंतीवर चिकटवा, पंधरा-वीस मीटरवर. कठड्यावर तांदळाची पिशवी, तिच्यात कॅमेरा रुतवून ठेवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. सकाळचा उजेड, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १००. पूर्ण झूमवर छिद्र पूर्ण उघडं ठेवून तीन फोटो, प्रत्येक वेळी नव्याने फोकस करून. तीनपैकी एखादा चुकला तर तो फोकसचा दोष. तिन्ही सारखेच मऊ आले तर तो लेन्सचा.

मग कॅमेरा जरा हलवून कॅलेंडर चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात आणा, उजव्या कोपऱ्यात आणा, वर, खाली. कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ येणारच. पण डावीकडे अक्षरं वाचता येतात आणि उजवीकडे पुसल्यासारखी येतात, असं झालं तर आतलं एखादं भिंग तिरकं बसलं आहे. असा पीस बदलून मागा, हक्काने मागा. हेच सगळं पाऊण झूमवरही करून ठेवा. काही कॅमेऱ्यांत पाऊण झूमवरची अक्षरं टोकापेक्षा स्वच्छ येतात; मग पुढे कायम तिथेच थांबायचं हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

मोठ्या सेन्सरवर शिकलेले जाणकार सल्ला देतात की छिद्र एक पायरी लहान केलं की फोटो आणखी शार्प येतो. इथे तो सल्ला उलटा पडतो. एफ/६.५ लाच प्रकाशाचा प्रत्येक बिंदू पसरून सुमारे ९ मायक्रॉनचा ठिपका होतो आणि पी९०० चा पिक्सेल जेमतेम १.३ मायक्रॉनचा आहे. छिद्र आणखी लहान केलं की ठिपका आणखी पसरतो. एफ/६.५ आणि एफ/८ चे दोन फोटो शेजारी लावून कॅलेंडरावरची तिथी वाचून बघा. त्यानंतर लांब टोकाला छिद्र कायम पूर्ण उघडं ठेवाल.

दुसरी चाचणी हाताची. पिशवी बाजूला ठेवा, उभे राहा. शटर १/१००० सेकंदावर दहा फोटो, १/५०० वर दहा, मग १/२५०, १/१२५, १/६०. प्रत्येक दहांत किती शार्प आले ते मोजून वहीत लिहा. पी९०० साठी निकॉन हाताचा थरकाप सावरणाऱ्या ५ स्टॉपच्या स्थिरतेचा दावा करते (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं), म्हणजे २००० मिमीला नेहमीच्या ठोकताळ्याने लागणाऱ्या १/२००० ऐवजी १/६० चालायला हवं. दहांत दोन-तीन नक्की जमतील. पण रानात दुसरी संधी नसते, म्हणून ज्या वेगाला दहांत आठ शार्प येतात तो आपला वेग धरायचा. माझा १/२५० आहे, बसलेल्या पक्ष्यासाठी. हाताचा थरकाप कॅमेरा सावरतो, बुलबुलाने मान वळवली तर ती सावरणं त्याच्या हातात नाही.

तिसरी चाचणी संध्याकाळची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. सहा वाजता गच्चीवर चौकडीचा सुती टॉवेल वाळत घाला आणि पलीकडच्या टोकाला जा. आयएसओ १००, २००, ४००, ८००, १६००. तोच टॉवेल, तोच झूम. फोटो संगणकावर पूर्ण आकारात उघडा. छोट्या सेन्सरवर ४०० पर्यंत विणीचे धागे मोजता येतात. ८०० ला धागे आहेत हे कळतं, मोजता येत नाहीत. १६०० ला कॅमेरा कमी उजेडामुळे फोटोत येणारे दाणे पुसायला जातो आणि दाण्यांबरोबर धागेही पुसतो. टॉवेल रंगवल्यासारखा गुळगुळीत दिसतो. पक्ष्याच्या छातीवरच्या पिसांचं असंच होतं. भीमाशंकरच्या दाट झाडीत, आभाळ भरलेल्या दिवशी शेकरू टिपायला एफ/६.५ आणि १/१२५ ला ८०० आयएसओ सहज लागतो. शेपटीचे केस हवे असतील तर तिथे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा लागतो, हे मी कुणाला खूश करण्यासाठी लपवणार नाही.

रॉ फाइलची (कॅमेऱ्याने हात न लावलेल्या कच्च्या फोटोची) सोय असेल तर हीच चाचणी रॉमध्येही करा. दाणे किती पुसायचे हे मग तुमच्या हातात राहतं. पी९०० मध्ये रॉ नाही. पी९५०, पी१०००, एसएक्स७०, एफझेड८२ यांच्यात आहे.

फोकसची चाचणी सोपी आहे. फांद्यांच्या गर्दीत बसलेला पक्षी शोधा, फोकसचा चौकोन सगळ्यात लहान करा आणि दहा वेळा प्रयत्न करा. मोठा चौकोन हटकून पुढच्या फांदीला धरतो. उडत्या पक्ष्याच्या सरावासाठी घारीइतका चांगला पक्षी नाही: प्रत्येक गावात आहे, मोठी आहे, संथ गिरक्या घेते. सुरुवात ४०० मिमीवर करा, हात बसला की वाढवत न्या. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांना निळ्या आभाळात फोकस सापडायला वेळ लागतो, त्यांची पद्धतच पुढेमागे करून चाचपडण्याची आहे. आरएक्स१० मार्क ४ च्या सेन्सरवर फोकससाठी वेगळे ३१५ बिंदू आहेत आणि तो घारीला चिकटून राहतो.

झळा

माझा पहिला सुपरझूम घेतला तेव्हा सासवडच्या माळावर धाविक नावाचा माळपक्षी पाहायला गेलो होतो. उन्हं चांगलीच वर आलेली, पक्षी ऐंशी मीटरवर, पूर्ण झूम. सगळे फोटो उकळत्या पाण्यातून काढल्यासारखे आले. दोन महिने मी लेन्सला दोष देत होतो, विकायलाही काढली होती. मग एका हिवाळी सकाळी, दहिवर असताना, त्याच जागी त्याच कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत धाविकाच्या डोळ्यामागची पांढरी आणि काळी रेघ वेगवेगळी दिसली.

जमीन तापली की वर चढणारी गरम हवा आणि वरची थंड हवा प्रकाश वेडावाकडा वाकवते. डोळ्यांना थोड्याच झळा दिसतात, २००० मिमीला त्या चाळीसपट मोठ्या होऊन दिसतात. डांबरी रस्ता, पत्र्याचं छप्पर, नांगरलेलं रान यांच्यावरून नेम धरला तर सकाळी दहालाही त्रास होतो. कितीही महागडी लेन्स लावा, ती हवाच टिपणार. म्हणून चाचण्या सूर्योदयानंतरच्या दीड-दोन तासांत करा, आणि कुणी दुपारी काढलेला फोटो दाखवून कॅमेऱ्याबद्दल मत दिलं तर तो किती वाजता, किती अंतरावरून काढला एवढं विचारा. उपाय एकच, जवळ जा. पक्षी बिचकणार नाही इतपतच.

चंद्र

चंद्राचा फोटो सगळेच काढतात आणि काढावाच. तो पैसे न मोजता मिळणारा उत्तम तक्ता आहे. फक्त पौर्णिमेला नको. पुनवेच्या चंद्रावर उजेड समोरून पडतो, सावल्याच नसतात, विवरं सपाट दिसतात. अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून येतात. तिथे लेन्स किती तपशील दाखवते ते कळतं. २००० मिमीला चंद्र चौकटीच्या उंचीचे सुमारे सत्तर टक्के व्यापतो. ३००० ला पूर्ण चंद्र बहुधा चौकटीत मावतच नाही, हे पी१००० घेणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावं. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, छिद्र उघडं, १/१२५ पासून सुरू करा आणि फोटो बघत बदला. तो डोक्यावर आल्यावर काढा. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो आणि पुन्हा झळांचीच गोष्ट. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर स्थिरता बंद ठेवा.

मी कुणाला काय सांगतो

गॅलरीतून, शेताच्या बांधावरून, बसलेले पक्षी आणि चंद्र, भरपूर उजेडात: पी९५०. त्याच्या डायलवर पक्षी आणि चंद्र यांचे वेगळे मोडही आहेत, पहिला महिना ते खुशाल वापरा. एका चार्जमध्ये प्रमाणित मोजणीनुसार २९० फोटो, त्यामुळे जास्तीची बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या.

पी१००० हे १४१५ ग्रॅमचं धूड आहे. पूर्ण झूमवर छिद्र एफ/८. ट्रायपॉडवर ठेवून चंद्र, शनीची कडी, लांब कड्यावरचं गिधाडाचं घरटं, यासाठी त्याला तोड नाही. चालत फिरणाऱ्याला तो सुचवत नाही.

प्रवासात एकच कॅमेरा, अधूनमधून पक्षी: एसएक्स७० किंवा एफझेड८२. यांच्याकडून संध्याकाळची अपेक्षा ठेवू नका.

उडते पक्षी, फुलपाखरं, झाडीतला अंधार आणि घरातलं लग्नकार्यही: आरएक्स१० मार्क ४, खर्च झेपत असेल तर. पूर्ण झूमवर तो ७२ सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो. कुंभारगावच्या नावेत त्या सकाळी तो असता तर खंड्यापुढे झूम मागे घ्यायचीही गरज पडली नसती.

जुना घेत असाल तर

पी९०० हा २०१५ चा, आणि चांगल्या अवस्थेतले पीस अजून मिळतात. झूम पूर्ण बाहेर काढा, मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका धरा आणि आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बारीक फांद्यांसारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नका. कोकणातून, किनाऱ्यावरून आलेल्या कॅमेऱ्यांत हे विशेष पाहा. चार पावसाळे पिशवीत पडून राहिलेला कॅमेरा दिसायला अगदी नवा असतो. नळी बाहेर आल्यावर हलकेच हलवून बघा. थोडी ढिलाई चालते, खटखट वाजलेली चालत नाही. झूम पाच वेळा टोकाला नेऊन परत आणा आणि मोटरचा आवाज ऐका. मध्येच अडखळत असेल तर आत वाळू गेली आहे.

लेन्स निघत नसल्यामुळे सेन्सरवर बसलेली धूळ घरी पुसता येत नाही, कॅमेरा खोलावाच लागतो. आणि झूमची नळी आतबाहेर होताना भात्यासारखी हवा ओढत असते. म्हणून निरभ्र आभाळाकडे किंवा कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे पूर्ण झूम करा, फोकस मुद्दाम बिघडवा, छिद्र सगळ्यात लहान करून एक फोटो घ्या. करडे गोल डाग एकदोन असतील तर भाव कमी करून मागा, अधिक असतील तर परत द्या. घेतलात तर घरी डब्यांच्या दुकानातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि जून ते ऑक्टोबर कॅमेरा पिशवीत न ठेवता त्या डब्यात ठेवा. पुड्यांचे मणी निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा भरायचे.